जॅक जॉन्सन : रिंगण आणि रंगमंच

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या गॅल्व्हेस्टन बंदरात ३१ मार्च १८७८ रोजी जॅक जॉन्सन यांचा जन्म झाला. आई-वडील दोघेही गुलामगिरीतून मुक्त झालेले. शाळा लवकर सुटली, कोवळ्या वयातच गोदीतील कष्ट वाट्याला आले आणि त्यातूनच ते मुष्टियुद्धाकडे वळले.

१९०३ साली ते कृष्णवर्णीयांचे हेवीवेट विजेते झाले. परंतु जगज्जेतेपदाच्या दाराला वर्णाचे कुलूप होते. अखेर विजेते टॉमी बर्न्स यांचा पाठपुरावा करीत ते ऑस्ट्रेलियात पोहोचले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे चौदाव्या फेरीत पोलिसांना लढत थांबवावी लागली आणि जॉन्सन पहिले कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेते ठरले. त्यांना नमवण्यासाठी निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीज यांना पुन्हा रिंगणात आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे पंधराव्या फेरीत तेही पराभूत झाले. त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या. बळी गेले ते बहुतांशी कृष्णवर्णीयच. पुढे १९१२ साली मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली.

रंगमंचावरही जॉन्सन लोकप्रिय होते. ते मुष्टियुद्धाची प्रात्यक्षिके दाखवीत, किस्से रंगवून सांगत. भपकेबाज पोशाख, वेगवान मोटारी आणि गोऱ्या स्त्रियांशी विवाह यांमुळे ते सतत टीकेचे लक्ष्य झाले. त्यांचे खाजगी जीवन निर्दोष नव्हते. तथापि १९१३ साली सर्व गोऱ्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले, त्यामागे वर्णद्वेषच होता. ते देश सोडून गेले. त्याच वर्षीच्या जुलैत तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले.

१९१५ साली हवाना येथे सव्विसाव्या फेरीत जेस विलार्ड यांनी जॉन्सन यांचा किताब हिरावला. १९२० मध्ये मायदेशी परतून त्यांनी कारावास भोगला. हार्लेममध्ये त्यांनी काढलेला क्लब पुढे दुसऱ्यांच्या हाती जाऊन ‘कॉटन क्लब’ झाला. तेथे कलावंत कृष्णवर्णीय, प्रेक्षक मात्र गोरे!

१० जून १९४६ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. एका उपाहारगृहातील वर्णभेदाच्या वागणुकीने संतापून ते निघाले होते, असे सांगतात. २०१८ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय माफी मिळाली. न्याय आला, पण मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. आपल्या मुलामुलींना मात्र तो हयातीतच मिळावा, यासाठीच शिक्षणाचा हा खटाटोप.