प्रकाशाची मोजपट्टी

अल्बर्ट मायकेलसन यांचा जन्म १८५२ साली प्रशियातील स्ट्रेलनो या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले. तेथे खाणकामगारांच्या वस्त्यांत वडील दुकान चालवीत. अल्बर्ट १८७३ साली नौदलाच्या विद्यालयातून उत्तीर्ण झाले. पुढे तेथेच शिकवताना त्यांना प्रकाशाच्या मापनाचे वेड लागले.

प्रकाशलहरी ‘ईथर’ नावाच्या अदृश्य माध्यमातून जातात, अशी त्या काळी समजूत होती. या ईथरचा माग काढण्यासाठी मायकेलसन यांनी १८८१ साली जर्मनीत एक उपकरण सिद्ध केले. चांदीचा विरळ मुलामा दिलेल्या काचेने प्रकाशझोत दुभंगायचा आणि दोन आरशांवरून परतलेले झोत पुन्हा एकत्र आणायचे, एवढीच त्याची रचना. लहरीचा उंचवटा उंचवट्याशी जुळला की उजेड, खोलगटाशी जुळला की अंधार. असे पट्टे दिसत. एक आरसा मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतका सरकला, तरी एक पट्टा शेजारच्या पट्ट्याची जागा घेई. बर्लिनच्या रहदारीने हे पट्टे इतके थरथरत, की उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत न्यावे लागले. तेथेही शंभर मीटरवरची पावले त्याला जाणवत!

१८८७ साली क्लीव्हलंड येथे एडवर्ड मोर्ली यांच्यासह त्यांनी हा प्रयोग पाऱ्यावर तरंगणाऱ्या शिळेवर अधिक काटेकोरपणे केला. तरीही अपेक्षित परिणाम दिसला नाही. या अपयशाची मायकेलसन यांना खंत वाटे.

उपकरण मात्र अपयशी नव्हते. १८९२-९३ साली पॅरिसजवळील सेव्र येथे त्यांनी प्रमाण मीटरच प्रकाशाने मोजला. कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ लहरी त्यात भरल्या. १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील हा मान मिळवणारे ते पहिले अमेरिकी होत.

आज याच तत्त्वावर सूक्ष्म वस्तूंच्या पृष्ठभागाचे चढउतार मोजतात. एका आरशाच्या जागी ती वस्तू येते. पांढऱ्या प्रकाशात, दोन्ही झोतांची वाट जवळजवळ समान असेल तरच पट्टे उमटतात; १८८७ च्या प्रयोगात मायकेलसन यांनीही या गुणाचा उपयोग केला होता. वस्तू किंवा भिंग तिळातिळाने वर सरकवत प्रत्येक बिंदूवर पट्टे केव्हा ठळक होतात, हे संगणक नोंदवतो. त्यातून केसाच्या जाडीहून हजारो पटींनी लहान उंचवट्यांचा नकाशा तयार होतो, तोही वस्तूला स्पर्श न करता.

मायकेलसन अखेरपर्यंत प्रकाशाचा वेग मोजण्यात गुंतले होते. कॅलिफोर्नियात सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या निर्वात नळीतून ते मापन चालू असतानाच १९३१ साली त्यांचे निधन झाले. उरलेले काम सहकाऱ्यांनी पूर्ण केले.