मैहरचे बाबा

सतार म्हटलं की पंडित रविशंकर आणि बासरी म्हटलं की पन्नालाल घोष, ही नावं आपल्याला चटकन आठवतात. पण या दोघांचे गुरू एकच, हे फार जणींना ठाऊक नसतं. ते म्हणजे मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, सगळ्या शिष्यांचे बाबा. आमच्या महिला मंडळात एखादी पेटी शिकायचं म्हणाली, की आता या वयात कशाला, असं कोणीतरी हमखास विचारतं. तेव्हा मी बाबांची गोष्ट सांगते, आणि ती फक्त बाबांची नाही हेही सांगते.

बाबा आजच्या बांगलादेशातल्या ब्राह्मणबाडिया भागातल्या शिबपूर गावचे. संगीताच्या वेडापायी लहानपणीच घरातून पळाले आणि जात्रा करणाऱ्या, म्हणजे बंगालच्या लोकनाट्य मंडळींबरोबर गावोगाव हिंडले. पुढे कोलकात्यात नुलो गोपाल यांच्याकडे गाणं शिकू लागले. बारा वर्षं नेटाने स्वरसाधना करायची, अशी गुरूंची अट. सात वर्षं झाली आणि प्लेगने गुरूच गेले. दुसरा कोणी हाय खाऊन बसला असता. बाबा गाणं बाजूला ठेवून वाद्यांकडे वळले.

स्टार थिएटरचे संगीत दिग्दर्शक अमृतलाल दत्त यांच्याकडे ते निरनिराळी वाद्यं शिकले. लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन, हजारी उस्तादांकडे सनई आणि नगारा. जो शिकवील तो गुरू! मग एका जमीनदाराच्या घरी अहमद अली खाँ यांचा सरोद कानावर पडला आणि आजवरचं सगळं शिक्षण त्यांना अपुरं वाटू लागलं. पुन्हा पहिलीपासून श्रीगणेशा. बाबा डावखुरे, सरोद डाव्या हाताने छेडायचे.

तरी तहान भागेना. रामपूर दरबारचे बीनकार वजीर खाँ यांच्याकडेच शिकायचं, असं मनाने घेतलं. दाराशी कोणी उभं करेना, तेव्हा म्हणे नवाबाच्या मोटारीपुढे बाबांनी स्वतःला झोकून दिलं. नवाबाने शब्द टाकला, गंडा बांधला गेला, पण पुढे दोन-अडीच वर्षं गुरूंनी काहीच शिकवलं नाही.

इथे मला मदनमंजरीदेवी आठवतात. बाबांच्या पत्नी. लग्नानंतर लगेच नवरा संगीतासाठी निघून गेला, तो वर्षानुवर्षं परतला नाही. शेवटी या बाईंनी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि ती बातमी रामपूरला वजीर खाँ यांच्यापर्यंत पोहोचली. असा शिष्य आपल्या दारात आहे, हे त्यांना तेव्हा उमगलं आणि त्यांनी मन लावून शिकवायला सुरुवात केली, असं सांगतात. बाबांच्या विद्येचं दार उघडलं, पण त्याची किंमत कोणी मोजली? पुढे बाबांनी एक नवा राग बांधला आणि त्याला पत्नीचं नाव दिलं. तोच राग मदनमंजरी.

1918 च्या सुमारास बाबा मध्य प्रदेशातल्या मैहर संस्थानात राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी आले. त्या वेळी साथीच्या रोगाने कितीतरी मुलं पोरकी झाली होती. ती गोळा करून बाबांनी त्यांना वाद्यं शिकवली आणि मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचं वाद्य बनवलं. मारायच्या हत्यारातून सूर! समाजकार्य करताना निराधार मुलांना जेवण-कपडे देऊन आपण थांबतो. बाबांनी त्यांना कला दिली.

घरात मात्र एक दुःख होतं. थोरली मुलगी जहानारा हिला बाबांनी गाणं शिकवलं होतं. सासरी तिचा तंबोराच जाळून टाकला, असं सांगतात. बाबांनी ठरवलं, धाकटीला शिकवायचंच नाही. ही धाकटी म्हणजे 1927 मध्ये जन्मलेली रोशनआरा. राजांनी तिचं नाव ठेवलं अन्नपूर्णा. एकदा भाऊ अली अकबर रियाज करत होता. त्याची चुकलेली जागा छोटीने गाऊन दुरुस्त केली. बाबा मागे येऊन उभे होते, हे तिच्या गावीही नव्हतं. त्यांनी आपला निश्चय मोडला. आधी गाणं, मग सतार आणि पुढे सूरबहार शिकवून तिला घडवलं. हरिप्रसाद चौरसियांसारखे कलावंत पुढे मुंबईत याच अन्नपूर्णादेवींकडे शिकले. 2018 मध्ये त्या गेल्या. सरोदवादनात नाव कमावणाऱ्या शरनरानी याही बाबांच्याच शिष्या.

1958 मध्ये पद्मभूषण, 1971 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरलाच बाबांनी डोळे मिटले. पाच वेळा नमाज पढणारे बाबा तिथल्या शारदादेवीचेही भक्त होते.

मैत्रिणींनो, शिकायला वय नसतं हे तर खरंच. पण घरातलं कोणी शिकत असेल, तर त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतोय हेही पाहू या. आणि नव्या सुनेच्या सामानात पेटी किंवा तंबोरा आला, तर तो माळ्यावर टाकू नका. बैठकीत त्याला चांगली जागा द्या.