रानवाटेचे भिक्खू : भदन्त फाहियान

फाहियान हे नाव आपल्या मुलांना शाळेत एका ओळीपुरते भेटते. चिनी प्रवासी होता, गुप्तांच्या काळात आला, देशात सुबत्ता पाहून गेला. झाले. परीक्षेत एक मार्क मिळाला की नाव विसरायला मोकळे. आम्हीही बरीच वर्षे तेवढेच जाणत होतो. पुढे रात्रपाळी करून आल्यावर, शब्दकोश शेजारी घेऊन, त्यांचे प्रवासवर्णन भाषांतरातून हळूहळू वाचून काढले, तेव्हा लक्षात आले की हा माणूस देश बघायला आलेलाच नव्हता. साठीच्या आसपासचा एक म्हातारा भिक्खू, भिक्खुसंघाचे नियम पुरे मिळावेत एवढ्यासाठी चीनमधून पायी निघाला आणि वाळवंट, बर्फ, हत्ती-सिंहांचे रान तुडवीत तथागतांच्या भूमीत आला. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत अशा माणसाची ओळख करून द्यावी असे आम्हांला वाटले. आम्ही काही विद्वान नाही. वाचले तसे सांगतो.

भदन्त फाहियान यांचा जन्म चीनच्या शान्सी प्रांतातला, चौथ्या शतकातला. त्यांचे तीन थोरले भाऊ दुधाचे दात पडायच्या वयातच गेले. हेही पोर हातचे जाईल या भीतीने बापाने तिसऱ्याच वर्षी त्यांना श्रामणेर केले. पुढे वडील वारले, तेव्हा चुलते सांगू लागले की आता घरी चल, संसार कर. पोरगे गेले नाही. एकदा हे सगळे छोटे श्रामणेर शेतात भात कापत असताना भुकेले चोर धान्य लुटायला आले. बाकीची मुले पळाली. फाहियान एकटे उभे राहिले. त्यांनी चोरांना सांगितले की पाहिजे तर न्या, पण मागच्या जन्मी दान केले नाही म्हणून आज ही पाळी आली, आता चोरी केली तर पुढे आणखी हाल होतील. चोर धान्य टाकून निघून गेले म्हणतात. गरिबाच्या भुकेचे कारण मागच्या जन्मात शोधणे आम्हांला पटत नाही, बाबासाहेबांनी ती खुळी समजूत आपल्या डोक्यातून कायमची काढून टाकली आहे. पण सगळे पळाले असता एक पोर जागचे हलले नाही, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. पुढे तीच उपयोगी पडली.

त्या वेळी चीनमध्ये धम्म पोचला होता, विहार होते, भिक्खू होते, पण विनयाचे ग्रंथ अर्धेमुर्धे, तुटके. भिक्खूने कसे राहावे, कसे वागावे, हेच नीट ठाऊक नाही. ही खंत मनात धरून इ.स. ३९९ मध्ये चांगआन या राजधानीतून (आजचे शिआन शहर) ते निघाले. बरोबर हुई-चिंग, ताओ-चेंग आणि आणखी दोघे भिक्खू. वाटेत काही जण मिळाले, काही गळाले, काही परत फिरले.

पहिल्यांदा लागले वाळवंट. सतरा दिवस चाल. वर पाखरू नाही, खाली जनावर नाही. वाट ओळखायची खूण एकच, आधी मेलेल्या माणसांची वाळकी हाडे. आपण जनावरांना भितो, पण जिथे जनावरसुद्धा जगत नाही तिथून चालणे काय असेल याचा विचार करावा. मग पामीरचे डोंगर, उन्हाळ्यातही बर्फ. तिथल्या लोकांची समजूत अशी की डोंगरात विषारी नाग राहतात, ते चिडले की वारा, पाऊस, बर्फ ओकतात. ते बर्फाचे वादळ असणार हे उघड आहे. सिंधू नदीच्या खोऱ्यात तर कड्याला सातशे पायऱ्या खोदलेल्या, त्या उतरायच्या आणि दोरांच्या झुलत्या पुलावरून पलीकडे जायचे. पुढे अफगाणिस्तानच्या बाजूच्या बर्फाळ डोंगरात गार वारा सुटला, हुई-चिंगच्या तोंडाला फेस आला. मी काही वाचत नाही, तुम्ही थांबू नका, नाहीतर सगळेच मराल, असे सांगून त्यांनी प्राण सोडला. फाहियान त्यांच्या अंगावर हात फिरवीत रडले आणि उठून चालू लागले.

मथुरेपासून पुढचा जो मध्यदेश, तिथले वर्णन शाळेच्या पुस्तकात येते. लोक सुखी, कर थोडे, कुणी जीव मारत नाही, दारू पीत नाही. त्याच्यापुढचे मात्र शाळेत आमच्या वाट्याला आले नाही. फाहियान यांनी लिहून ठेवले आहे की या देशात चांडाळ नावाचे लोक आहेत, ते गावाबाहेर वेगळे राहतात, शिकार आणि मासेमारी तेच करतात, मांस तेच विकतात, आणि शहराच्या वेशीत किंवा बाजारात शिरताना त्यांनी लाकडावर लाकूड आपटून आवाज करायचा, म्हणजे बाकीचे लोक बाजूला सरतात. रानातून जाताना आपण काठी आपटतो ती जनावराने बाजूला व्हावे म्हणून. इथे माणसाने लाकूड आपटायचे, ते दुसऱ्या माणसांनी बाजूला व्हावे म्हणून. पेशवाईतले गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपल्या घराघरांत सांगितला जातो. हे लाकूड त्याच्याआधी तेराशे वर्षांचे आहे. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात फाहियान यांची ही साक्ष तपासली आहे आणि अस्पृश्यतेचा जन्म इ.स. ४०० च्या सुमाराचा ठरवला आहे. म्हणजे नेमका हा भिक्खू आपल्या वाटांवरून चालत होता तो काळ. त्यांनी या रिवाजावर टीका केली नाही, निषेध केला नाही. पण दिसले ते दडवलेही नाही. सुवर्णयुगाचे गोडवे गाणाऱ्या दरबारी कवींनी तेवढेही केले नाही.

तिथून संकिसा, कनौज, श्रावस्ती करीत ते कपिलवस्तूला आले. ज्या नगरात सिद्धार्थ गौतम वाढले, ते नगर त्यांना ओसाड सापडले. राजा नाही, प्रजा नाही, थोडे भिक्खू आणि काही घरे. रस्त्यावर पांढऱ्या हत्तींचे आणि सिंहांचे भय, बेसावधपणे चालू नये, अशी सूचना मागून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी लिहून ठेवली आहे. आता हत्ती ठीक, पण नेपाळच्या पायथ्याशी सिंह कुठले, असे कुणी विचारील. सिंह आज फक्त गुजरातच्या गीर भागात उरले आहेत, पण एकोणिसाव्या शतकापर्यंत उत्तर हिंदुस्थानात ते पुष्कळ ठिकाणी होते. गोऱ्या साहेबांनी आणि संस्थानिकांनी बंदुकीने ते संपवले.

कपिलवस्तूच्या पूर्वेला रामग्राम. तथागतांच्या अस्थींचे आठ वाटे झाले, त्यातला कोलीयांचा वाटा इथल्या स्तूपात आहे. आज हे ठिकाण नेपाळात परासीजवळ आहे. सम्राट अशोकाने बाकीचे सात स्तूप उघडून अस्थी देशभर वाटल्या, पण इथला स्तूप उघडायला आल्यावर तळ्यातल्या नागाने आपली पूजा-सामग्री दाखवली आणि अशोक परत फिरला, अशी कथा फाहियान यांना सांगण्यात आली. नाग म्हणजे साप नव्हे, नाग हे लोक होते, हे आपल्याला १९५६ साली नागपूरला समजले आहे. स्तूपाची राखण करणारे ते तिथले लोकच असतील असे आम्ही धरून चालतो.

पण खरी गोष्ट पुढची आहे. कालांतराने रामग्राम उजाड झाले. स्तूपाभोवती झाडझाडोरा माजला. झाडायला, सडा घालायला माणूस राहिला नाही. तेव्हा रानातले हत्ती तिथे येऊ लागले. सोंडेत पाणी आणून ते स्तूपाभोवती शिंपडत, फुले आणून टाकत. अशात परदेशातून एक यात्रेकरू भिक्खू दर्शनाला आला. समोर हत्तींचा कळप पाहून त्याची पाचावर धारण बसली. तो झाडामागे लपला. लपून पाहतो तो काय, हत्ती नीट रांगेने पाणी घालताहेत, फुले वाहताहेत. त्याची भीती गेली, पण मनाला फार लागले. एवढी माणसे असून तथागतांच्या स्तूपाची झाडलोट जनावरांनी करावी? त्याने भिक्खूपणाची मोठी दीक्षा सोडली, पुन्हा साधा श्रामणेर झाला, आणि स्वतःच्या हाताने गवत उपटले, झाडे तोडली, जागा लख्ख केली. त्या देशाच्या राजाला सांगून विहार बांधून घेतला आणि तिथेच राहिला. फाहियान पोचले तेव्हा ही घटना फार जुनी झालेली नव्हती. विहारात भिक्खू राहत होते, आणि त्या झाडू धरणाऱ्याची आठवण म्हणून विहाराचा प्रमुख नेहमी श्रामणेरच असे.

हत्तींना पूजा कळत होती की अंगावर पाणी उडवायची त्यांची ती नेहमीची सवय होती, यावर आमच्या विहारातल्या तरुण मंडळींत एकदा चांगला वाद रंगला. हत्ती पाणी अंगावर घेतो, माती उडवतो, फांद्या मोडून आणतो, हे खरेच आहे. पण त्या भिक्खूने झाडामागून जे पाहिले त्याने त्याच्या हाती झाडू आला, यात वाद नाही. आपल्याकडे झाडू कमरेला बांधला गेला होता. त्याने तो आपण होऊन उचलला. रविवारी सकाळी विहार झाडायला आमच्या वस्तीतल्या ज्या बाया पहाटे येतात, त्यांना आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की मग आमचे हत्ती कुठे आहेत ते दाखवा, त्यांना पण पाळी लावू.

राजगृहाला, म्हणजे आजच्या राजगीरला, आपल्यापैकी बरेच जण बसने जाऊन आलेले आहेत. शेजारच्या रत्नगिरीवरच्या शांतिस्तूपाला आता झुलता पाळणा आहे, गृध्रकूटावर मात्र पायीच चढावे लागते. फाहियान यांनी गावात उदबत्ती, फुले, तेल, दिवे विकत घेतले, ते न्यायला दोन म्हाताऱ्या भिक्खूंना बरोबर घेतले आणि ते डोंगर चढले. गिधाडाचे नाव या डोंगराला का पडले तेही त्यांनी दिले आहे. आनंद ध्यानाला बसले असता मार गिधाडाच्या रूपात समोर येऊन बसला, आनंद घाबरले, तेव्हा तथागतांनी खडकातून हात घालून त्यांच्या खांद्यावरून फिरवला आणि भीती गेली, अशी ती कथा. फाहियान यांनी फुले वाहिली, दिवे लावले. इथे तथागतांनी उपदेश केला आणि आपण मात्र त्यांच्या काळात जन्मलो नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. रात्रभर तिथेच थांबून त्यांनी सूत्रपाठ केला.

त्यांच्या मागे शंभरेक वर्षांनी चीनमध्ये भिक्खूंची चरित्रे लिहिली गेली, त्यात या रात्रीची आणखी एक हकिगत आहे. माणसे खाणाऱ्या काळ्या सिंहांचे भय आहे, जाऊ नका, असे तिथल्या भिक्खूंनी बजावले होते. अंधार पडताच सोबतीचे भिक्खू उतरून गेले. एकट्या फाहियान यांच्यासमोर तीन काळे सिंह जिभा चाटत येऊन बसले. त्यांनी पाठ थांबवला नाही. सिंहांनी माना खाली घातल्या आणि ते पायाशी बसले. त्यांनी सिंहांच्या अंगावर हात ठेवून सांगितले की मारायचे असेल तर पाठ संपेपर्यंत थांबा. काही वेळाने सिंह निघून गेले. ही गोष्ट फाहियान यांच्या स्वतःच्या पुस्तकात नाही. कपिलवस्तूच्या सिंहांबद्दल लिहिणारा माणूस पायाशी बसलेले तीन सिंह विसरेल काय? आम्हांला तरी ती मागून जोडलेली वाटते. चमत्काराशिवाय मोठेपण पटत नाही हा रोग सगळ्या देशांत आहे. सिंह येवोत न येवोत, साठी उलटलेला माणूस जनावरांच्या डोंगरावर रात्रभर बसला, हे त्याच्या स्वतःच्या शब्दावरून खरे आहे आणि तेवढे पुरे आहे. गयेकडच्या कुक्कुटपाद डोंगराबद्दलही ते एवढेच लिहितात की झाडी दाट आहे, सिंह, वाघ, लांडगे पुष्कळ आहेत, सांभाळून जावे.

ज्यासाठी आले ते विनयाचे ग्रंथ त्यांना अखेर पाटलिपुत्राला मिळाले. उत्तरेत सगळे तोंडपाठ चालायचे, लिहिलेली पोथीच नसायची. पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून, त्या वयात संस्कृत शिकून, त्यांनी स्वतः नकला केल्या. ताओ-चेंग एवढेच सोबती उरले होते. इथल्या भिक्खूंची शिस्त पाहून ते म्हणाले की मी आता परत जात नाही. फाहियान एकटे निघाले. ताम्रलिप्ती बंदरात दोन वर्षे, सिंहलद्वीपात दोन वर्षे, पुन्हा नकला. अनुराधपुरला बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने ठेवलेला चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा दिसला आणि या न डगमगणाऱ्या माणसाला रडू फुटले.

समुद्रात वादळ झाले, जहाजाला भोक पडले. मोठमोठी कासवे आणि समुद्रातली भयानक जनावरे लाटांत दिसत. व्यापारी सामान पाण्यात टाकू लागले. फाहियान यांनी आपला तांब्या, भांडी टाकली, पण पोथ्या टाकायला लावतील म्हणून ते धास्तावले. दुसऱ्या जहाजावर तर ब्राह्मण उतारूंनी ठरवले की या भिक्खूमुळेच वादळ आले, याला एखाद्या बेटावर सोडून द्यावे. एका उपासक व्यापाऱ्याने दम भरला म्हणून ते वाचले.

इ.स. ४१२ मध्ये जहाज भरकटत एका किनाऱ्याला लागले. कुठला देश ते कुणाला कळेना. ओळखीची भाजी उगवलेली दिसली तेव्हा वाटले, चीन असावा. रानात दोन शिकारी सापडले. बोलायला फाहियान यांना पुढे केले. समोर भिक्खू पाहून शिकारी गडबडले आणि सांगू लागले की आम्ही बुद्धाचेच शिष्य आहोत, उद्या पौर्णिमा, पूजेसाठी काही मिळते का ते शोधतोय. ते थापा मारत होते हे फाहियान यांनी सरळ लिहिले आहे. पण त्यांच्याकडूनच समजले की हा शानतुंगचा किनारा आहे, आपलाच देश.

त्या दोघांना लाकूड आपटावे लागत नव्हते.

पुढची वर्षे नानकिंगला भिक्खू बुद्धभद्र यांच्याबरोबर भाषांतरात गेली. महासांघिकांचा विनय चिनी भाषेत आला. लोकांनी आग्रह केला म्हणून त्यांनी प्रवासाची हकिगत लिहिली, तीही थोडक्यात, स्वतःचे कौतुक न करता. सुमारे तीस राज्ये, चौदा-पंधरा वर्षे. ऐंशी ओलांडल्यावर चिंगचौ इथल्या एका विहारात त्यांचे निधन झाले.