आकाशविद्येचे उपासक : जे. आर. डी. टाटा

जुन्या बडोदे संस्थानातील नवसारीने देशाला टाटा घराणे दिले. जमशेटजींचा जन्म तेथला. त्यांचे आप्त व सहकारी रतनजी दादाभाई हेही नवसारीचेच. पण त्यांचे पुत्र जहांगीर २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्दलो या गावी इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो टाटांचे शेजारी होते. तेथल्या वाळूवर उतरणारी विमाने पाहूनच बाल जहांगीरला उड्डाणाचा ध्यास लागला.

मात्र उड्डाणविद्या शिकण्यासाठी त्यांना वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले. मुंबईत फ्लाइंग क्लब निघताच ते विद्यार्थी झाले. त्या काळच्या उघड्या विमानात गुरू व शिष्य एकामागे एक बसत आणि नळीतून बोलत. रेडिओचे साहाय्य नसे. जेमतेम पावणेचार तासांच्या शिक्षणानंतर जहांगीर एकट्याने उडाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता एक.

त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील एकट्याच्या उड्डाणासाठी पारितोषिक जाहीर केले. कराचीहून निघालेल्या जहांगीर यांना इजिप्तमधील अबूकीर येथे उलट दिशेने येणारा तरुण प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर भेटला. तो स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जहांगीर यांनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. अस्पी जिंकले, पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन जहांगीर कराचीहून पस मॉथ विमानाने निघाले. अहमदाबादेस बैलगाडीतून आलेल्या डब्यांतील इंधन भरून घेतले आणि गुजरातवरून उडत जुहूला उतरले. छंद म्हणून शिकलेली विद्या अशा रीतीने लोकसेवेस लागली. त्यातूनच १९४६ मध्ये एअर इंडिया आकारास आली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाने तिची मालकी गेली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपदावरून त्यांनी तिची निगा राखली.

या घटनेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. तरुणांच्या मनात साहसाची ओढ जागावी, हा त्यामागील हेतू होता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या परवान्याचा पहिला क्रमांक इतिहासजमा झाला. प्रतिस्पर्ध्याला दिलेला तो प्लग मात्र नव्या वैमानिकांना शर्यतीपलीकडचा धर्म सांगत राहील.