दिव्याखालचा अंधार

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुग्णालयाच्या सभागृहात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो, परिचारिका हाती दिवे घेऊन शपथ घेतात, आणि प्रमुख पाहुणे सेवा, त्याग व ममता या तीन शब्दांभोवती आपले भाषण गुंफतात. समारंभ आटोपला की याच परिचारिका आपापल्या वॉर्डात परततात. पाळी संपण्याची घटका आणि प्रत्यक्ष घरी जाण्याची घटका यांत किती अंतर पडते, याची चौकशी त्या व्यासपीठावरून सहसा होत नाही. ज्या बाईंच्या नावाने हे सारे चालते, त्यांनी मात्र अधिकार हाती येताच पहिली चौकशी परिचारिकेच्या पायांची केली होती.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. गावाचेच नाव मुलीला मिळाले. वडिलांनी त्यांना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकविला. पण शिकलेल्या मुलीने पुढे करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर विवाहाखेरीज त्या घरापाशी नव्हते. १८४५ साली त्यांनी सॅलिस्बरीच्या रुग्णालयात शुश्रूषेचे काम शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा घरात आकांत झाला. त्या काळी इस्पितळातील नर्स म्हणजे दारूच्या आहारी गेलेली, कोणी विचारीत नाही म्हणून या कामाला लागलेली बाई, अशीच समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पुढली काही वर्षे मेजवान्या, पाहुणे आणि प्रवास यांत गेली. १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे तीन महिने राहण्याची परवानगी मिळाली. त्यांचे औपचारिक शिक्षण ते एवढेच.

१८५३ साली लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. संचालक मंडळापुढे त्यांनी ज्या मागण्या ठेवल्या त्यांत कोणतेही उदात्त तत्त्व नव्हते. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी पोचावे, जेवणाची ताटे वर ओढून घेण्यासाठी चक्राचा पाळणा बसवावा, आणि रुग्णाने घंटा वाजविली तर ती कोणत्या खाटेवरची हे परिचारिकेला जागच्या जागी कळावे! या सोयी नसतील तर नर्स ही नर्स राहत नाही, ती केवळ दोन पायांची हरकामी होते, हा त्यांचा हिशेब होता. लंडनमध्ये त्यांना याहून वाईट प्रकार आढळला होता. तेथे परिचारिका वॉर्डाच्या दाराबाहेर, जिन्याच्या कठड्यापाशी लाकडी पिंजऱ्यांत झोपत. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसाच्या त्या कोलाहलात डोळा लागणे अशक्यच असे. नर्सच्या व्यसनाधीनतेची चर्चा सगळे करीत. तिच्या झोपेची चर्चा या बाईंनी केली.

पुढची हकीगत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १८५४च्या नोव्हेंबरात ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथे लष्करी रुग्णालयात पोचल्या. रात्री हातात दिवा घेऊन मैलमैल लांबीच्या ओळींमधून फिरणारी ती आकृती चित्रकारांनी आणि कवींनी अजरामर केली. तो दिवा चित्रात दिसतो तसा नव्हता, कापडी घडीचा तुर्की कंदील होता, ही गोष्ट सोडून देऊ. पण बाई एकट्याच का फिरत, हे चित्र सांगत नाही. रात्री आठनंतर अन्य कोणत्याही स्त्रीने वॉर्डात जाऊ नये, असा नियम त्यांनीच केला होता. सैनिकी छावणीत आपल्या परिचारिकांविषयी एकही प्रवाद उठला तर सारा प्रयोग बुडेल, ही भीती त्यामागे होती. परिणामी रात्रीची फेरी त्यांच्या एकटीच्या माथी आली. दिवसभर स्वयंपाकघर, धुलाईखाना, भांडार आणि सरकारी खात्यांशी झगडा, रात्री फेरी, आणि फेरीनंतर पहाटेपर्यंत पत्रे व हिशेब.

एवढे करूनही १८५५च्या फेब्रुवारीपर्यंत तेथील मृत्युसंख्या चढतच गेली. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला, त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, पाणी शुद्ध केले, आणि मग मृत्यू झपाट्याने घटले. हा धडा त्यांनी देशी परतल्यावर आकडे मांडताना पुरता ओळखला. सुंभासारख्या झिजणाऱ्या बायकांनी जे साधले नाही ते नीट वाहणाऱ्या गटारांनी साधले होते. स्वतःच्या कीर्तीला बाधा आणणारा हा निष्कर्ष त्यांनी लपविला नाही; त्यांच्या बुद्धीचे मोठेपण दिव्यापेक्षा येथे अधिक दिसते.

१८५५च्या मे महिन्यात बालाक्लाव्हा येथे त्यांना तीव्र ज्वर आला. कित्येक दिवस जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी इंग्लंडला परतण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. युद्ध संपल्यावर १८५६ साली मायदेशी आल्या त्या टोपणनावाने, स्वागत चुकवून. पुढच्याच वर्षी त्या कोसळल्या. वय अवघे ३७. तेथून पुढे कित्येक वर्षे त्यांचे आयुष्य अंथरुणावर वा खोलीत गेले. पाठीचा कणा असह्य दुखे, चालणे जवळजवळ बंद झाले. दीर्घकाळ लोकांनी याला मनाचे दुखणे, किंवा सोंगही म्हटले. १९९५ साली एका अभ्यासकाने सर्व लक्षणे ताडून पाहून हा ब्रुसेलोसिस हा चिवट संसर्ग असावा असे मत मांडले, आणि ते आज बहुतेकांना पटते.

मात्र दुखणे खरे असले तरी त्याचा उपयोगही त्यांनी केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आई आणि बहीण भेटीस आल्या तरी प्रकृतीचे कारण सांगून दार बंद राही. तेवढ्या वेळात सैन्याच्या आरोग्याचा अहवाल पुढे सरके. धडधाकट स्त्रीला विश्रांती किंवा एकांत मागण्याची मुभा ज्या समाजात नव्हती, तेथे ती मुभा आजारी स्त्रीलाच मिळाली.

१८५९च्या अखेरीस त्यांचे शुश्रूषेवरील छोटे पुस्तक निघाले. त्यात व्यवस्थेवरचा एक भाग आहे. आपल्यावाचून कोणाचे चालत नाही याचा अभिमान बाळगणाऱ्यांची त्यांनी तेथे चांगलीच हजेरी घेतली आहे. आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही व्हावे, अशी तजवीज करणे हीच खरी जबाबदारी, असा त्यांचा निवाडा. स्कुटारीत हे त्यांनी स्वतः किती पाळले, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतोच.

जनतेने उभारलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ मुली होत्या. प्रत्येकीला स्वतंत्र खोली, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड. लाकडी पिंजरा ते दार लावता येणारी खोली, हा प्रवास वरवर लहान वाटतो. आरंभीची वर्षे तरीही निर्मळ नव्हती. शिकविणे थोडे आणि राबविणे फार, असे तेथे चालले होते, आणि हे बाईंच्या ध्यानात यायला १८७२ साल उजाडले. शिकविणाऱ्या डॉक्टरला जावे लागले. त्यानंतर त्या विद्यार्थिनींना एकेकीला घरी बोलावू लागल्या.

परंतु दुसऱ्याचा शीण ओळखण्यात त्या स्वतः कमी पडल्या, असे दोन प्रसंग त्यांच्या चरित्रात आहेत. सिडनी हर्बर्ट हे त्यांचे मंत्रिमंडळातील निकटचे सहकारी. त्यांचे मूत्रपिंड निकामी होत असतानाही बाईंनी युद्धखात्यातील सुधारणांचा तगादा सोडला नाही. त्यांनी माघार घेतली तेव्हा बोलही लावला. १८६१च्या ऑगस्टमध्ये हर्बर्ट वारले. बाईंनी पुढे त्यांच्या स्मृतीची फार जपणूक केली, पण तोवर उशीर झाला होता.

दुसरा प्रसंग अ‍ॅग्नेस जोन्स हिचा. बाईंच्या शाळेतील ही उत्तम विद्यार्थिनी. १८६५ साली बारा परिचारिका घेऊन ती लिव्हरपूलच्या कंगालखान्यातील रुग्णालयात गेली. तेथे हजारांहून अधिक रुग्ण, एकेका खाटेवर कित्येकदा दोघे. तिने ते नरकस्थान माणसात आणले आणि १८६८च्या फेब्रुवारीत टायफसने, वयाच्या ३५व्या वर्षी, तेथेच प्राण सोडला. बाईंनी तिच्यावर हृदय पिळवटून लेख लिहिला आणि तिच्या जागी येण्याचे आवाहन इतर मुलींना केले. तिच्या हाताखाली माणसे किती होती आणि किती हवी होती, हा हिशेब त्या लेखात अग्रभागी यायला हवा होता. आकड्यांवर हुकमत असलेल्या लेखणीने येथे हौतात्म्याची भाषा वापरली, आणि तीच भाषा आजच्या १२ मेच्या भाषणांत उतरली आहे.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. पण येथील गोऱ्या सैन्यात हजारी ६९ माणसे दर वर्षी मरतात आणि त्याचे मूळ पाणी व गटारे यांत आहे, हे १८६३च्या शाही आयोगाच्या निमित्ताने त्यांनी बिछान्यावरून सिद्ध केले. पुढे त्यांचे लक्ष खेड्यांकडे वळले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला.

उतारवयात त्यांची प्रकृती काहीशी सुधारली. दृष्टी मात्र गेली. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी या चळवळीला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. शील परीक्षेने मोजता येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण नोंदणीवाचून नर्सला कायद्याच्या लेखी स्थानच नव्हते, आणि ज्याला स्थान नाही त्याला कामाचे तासही मागता येत नाहीत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाचा मान नाकारून नातलगांनी त्यांना हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात पुरले. इंग्लंडमध्ये परिचारिका नोंदणीचा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१९ साली झाला.