अ‍ॅमी जॉन्सन : इंजिनाची नाडी ओळखणारी वैमानिक

अ‍ॅमी जॉन्सन यांचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल शहरात झाला. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन त्या लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागल्या. फावल्या वेळात त्या विमान चालवायला शिकल्या. १९२९मध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला; त्याच वर्षी विमानदुरुस्तीचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला ठरल्या.

ठरावीक तास चाललेले विमानाचे इंजिन पूर्ण खोलून पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग यांची झीज मोजतात व निकामी भाग बदलतात. हेच ओव्हरहॉल. त्याला उशीर झाला तर इंजिन हवेतच बंद पडण्याची भीती. घाई केली तर खर्च वाया आणि पुन्हा जोडताना चूक होण्याचा धोका. डी हॅविलंड कंपनीने १९२८-२९मध्ये एक ‘जिप्सी’ इंजिन सीलबंद करून ६०० तास उडवले. नंतर खोलले, तेव्हा बदलावे लागलेले भाग जेमतेम सात पौंडांचे निघाले.

याच जातीचे इंजिन अ‍ॅमी यांच्या ‘जेसन’ या जुन्या विमानात होते. ५ मे १९३० रोजी त्या क्रॉयडनहून एकट्याच ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या. तोवरचे त्यांचे सर्वांत लांबचे उड्डाण लंडन ते हल एवढेच होते. इराकच्या वाळवंटात वादळामुळे उतरावे लागले, तेव्हा त्यांनी वाळू शिरू नये म्हणून आधी इंजिन झाकले. मुक्कामाला पोहोचल्यावर झोपेआधी काही तास इंजिनाच्या देखभालीला जात. झाशीला पंखाला इजा झाली, रंगूनजवळ प्रोपेलर मोडला. इंजिनाने मात्र अखेरपर्यंत साथ दिली. सुमारे १८ हजार किलोमीटर कापून २४ मे रोजी त्या डार्विनला उतरल्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ही पहिली महिला.

आज छोट्या विमानांच्या अनेक इंजिनांना सुमारे २,००० तास किंवा १२ वर्षे अशी ओव्हरहॉलची मर्यादा सांगितली जाते. वर्षांची अट अशासाठी, की नुसते उभे राहिलेले इंजिनही आतून गंजते. मात्र कॉम्प्रेशन घटले, तेल जास्त लागू लागले किंवा फिल्टरमध्ये धातूचे कण दिसले, तर मर्यादेची वाट पाहायची नसते.

दुसऱ्या महायुद्धात विमाने पोहोचवण्याचे काम करताना ५ जानेवारी १९४१ रोजी, खराब हवामानात, थेम्स नदीच्या मुखाजवळ अ‍ॅमी यांचा मृत्यू झाला. त्यांचे ‘जेसन’ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन केले आहे.