लातूरच्या जिनिंगपासून उत्तर ध्रुवापर्यंत

एप्रिल उजाडला, नांदेड-लातुरात पारा ४२च्या पुढे सरकू लागला, की थंड प्रदेशांच्या सहलींच्या जाहिराती झळकतात. पूर्वी त्यात महाबळेश्वर आणि काश्मीर असायचे. आता नॉर्वेचा मध्यरात्रीचा सूर्यही असतो. रात्री बारा वाजता लख्ख ऊन पाहायला लोक चांगले पैसे मोजून जातात. या बर्फाळ उत्तरेवर एका मराठी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिले. तो तिथे कधीच गेला नव्हता. लातूरशी मात्र त्याचा व्यवहाराचा संबंध होता.

तो माणूस म्हणजे लोकमान्य टिळक. १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर घर चालवायचे कसे, हा प्रश्न होता. पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले आणि १८९१मध्ये मित्रांच्या भागीदारीत लातूरला कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुई बाजारात पाठवायची, असा धंदा. टिळकांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकतात. आपल्याकडच्या वाचकाने तरी तो लक्षात ठेवावा, कारण नंतरच्या साऱ्या विद्याव्यासंगामागे असे रोकडे हिशेबही होते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा, रत्नागिरीचा. कॉलेजात गेले तेव्हा प्रकृती अगदी किरकोळ होती. डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांत घालवले. त्यापायी अभ्यास मागे पडला, पण कमावलेले शरीर पुढे तुरुंगवासांत उपयोगी आले. विषय गणित. १८७७मध्ये ते बी.ए. झाले. आकाशाकडे पाहण्याची त्यांची रीत भाविकाची नव्हती, गणित्याची होती.

ही रीत ‘ओरायन’ या १८९३च्या पुस्तकात दिसते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांत पुरी होते. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, नक्षत्रांमधून हळूहळू मागे सरकते. वैदिक वाङ्मयात हा संपात मृग नक्षत्रात असल्याच्या खुणा टिळकांना दिसल्या आणि त्यावरून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४५०० वर्षे असा मांडला. युरोपातले पंडित तेव्हा वेदांना बरेच अलीकडचे मानत होते.

१८९७मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. टिळक शहरातच राहिले, त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालवले आणि सरकारी झडत्यांच्या जाचावर लिहिले. रँडच्या खुनानंतर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगातल्या अन्नाने प्रकृती खालावली. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर होते. त्यांनी आपल्या ऋग्वेदाची नवी आवृत्ती टिळकांना पाठवली आणि तुरुंगात ती वाचण्याची मुभा मिळाली. येरवड्याच्या कोठडीत, फावल्या वेळात, टिळक उषेची सूक्ते नव्याने वाचू लागले.

प्रश्न साधा होता. आपल्याकडे झुंजुमुंजू झाल्यापासून तास-सव्वा तासात सूर्य वर येतो. रोज येतो. मग उषेची इतकी आळवणी का? रात्र संपेल की नाही अशी धास्ती का? सूक्तांत अनेक उषा एकापाठोपाठ येतात, तैत्तिरीय संहितेत तीस उषा येतात. हे कवीचे अलंकार म्हणून सोडून द्यायचे की कुठल्या तरी खऱ्या आकाशाचे वर्णन समजायचे?

टिळकांनी दुसरा पर्याय धरला आणि असे आकाश पृथ्वीवर कुठे दिसेल ते मांडून पाहिले. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखालून उभा वर येतो, म्हणून पहाट झटपट आटोपते. ध्रुवावर तो क्षितिजाला जवळपास समांतर फिरतो आणि मार्च महिन्यात दिवसाकाठी अर्ध्या अंशाहूनही कमी वर चढतो. पहिला अंधूक उजेड दिसल्यापासून सूर्यबिंब दिसेपर्यंत तिथे जवळपास ५० दिवस जातात. हा उजेड पूर्वेला थांबून राहत नाही, क्षितिजावरून गोल फिरत राहतो. मग सूर्य उगवतो तो सहा महिने मावळत नाही. ध्रुवाच्या थोडे खाली, ध्रुववृत्ताच्या आतल्या पट्ट्यात, हिशेब वेगळा होतो. तिथे काही आठवडे किंवा महिने अखंड दिवस, तेवढीच अखंड रात्र आणि उरलेल्या काळात नेहमीसारखे दिवस-रात्र. या दोन्हींतला फरक टिळकांनी काटेकोर सांभाळला. पुस्तक निघाले तेव्हा उत्तर ध्रुवावर कुणाही माणसाचे पाऊल पडलेले नव्हते. नान्सेन १८९५मध्ये ८६ अंशांपर्यंत जाऊन परतला होता, एवढेच.

सप्टेंबर १८९८मध्ये सुटका झाली आणि वर्षाअखेर पहिला मसुदा तयार झाला. छपाई मात्र लांबली. मध्ये ताई महाराज प्रकरणाचे झेंगट मागे लागले. उन्हाळ्यात सिंहगडावर मुक्कामाला जायची टिळकांची सवय होती आणि तिथेही या लेखनाचे काम झाले. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरवर असलेला हा गड पुण्यापेक्षा सुमारे ७५० मीटर उंच आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, या हिशेबाने पुण्यापेक्षा जेमतेम पाच अंश गारवा. टिळकांचा उन्हाळ्यातला थंड प्रदेशाचा प्रवास तो एवढाच. १९०३मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध झाले.

त्यांचा निष्कर्ष असा, की शेवटच्या हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेशाची हवा सौम्य होती, वैदिक आर्यांचे पूर्वज तिथे राहत होते आणि बर्फ आल्यावर दक्षिणेकडे सरकले. पुराव्यात त्यांनी पारशांच्या अवेस्तातला दहा महिने हिवाळ्याचा प्रदेशही घेतला. हा निष्कर्ष टिकला नाही, आणि तो का टिकला नाही हे टिळकांच्या भक्तांनीही समजून घ्यावे. उजेडाचे गणित बरोबर होते, बर्फाचे चुकले. हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले, हा आजचा आकडा टिळकांनी निवडलेल्या काळापासून फार दूर नाही. पण त्याआधीची हजारो वर्षे ध्रुवप्रदेश सौम्य नव्हता, आजच्यापेक्षाही थंड होता. त्यापूर्वीचा खरा उबदार काळ सव्वा लाख वर्षांमागे जातो. सायबेरियात याना नदीकाठी ३० हजार वर्षांपूर्वी माणसे होती, पण ती मॅमथच्या मुलखात कडाक्याच्या थंडीत जगणारी शिकारी माणसे होती. गाईगुरे आणि यज्ञ असलेल्या समाजाची खूण तिथे सापडत नाही.

दीर्घ रात्रीची धास्ती मात्र त्यांनी अचूक ओळखली होती. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात हिवाळ्यात दोनेक महिने सूर्य दिसत नाही आणि तिथे झोप न लागण्याच्या तक्रारी वाढतात. डोळ्यांत शिरणारा उजेड मेंदूतल्या घड्याळाला वेळ सांगतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि झोप येते. अखंड उजेडात ते दबून राहते. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड इथे, ७९ अंश उत्तरेला, २००८पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे असतो. तिथे उन्हाळ्यात काम करणाऱ्यांना झोपण्यासाठी खिडकीला जाड पडदेच लावावे लागतात. सहलीला जाणाऱ्या मधुमेहींनी तर जेवण आणि औषधाच्या वेळा घड्याळावरच बांधाव्यात, आकाशाकडे बघून नव्हे.

टिळकांनाही मधुमेह होता. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या कैदेत तो बळावला. तेव्हा त्यावर पथ्य हाच उपाय होता आणि तो त्यांनी नेटाने पाळला. तिथल्या उकाड्यात, लाकडी बराकीत, त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. पत्नी सत्यभामाबाई १९१२मध्ये वारल्या, ते त्यांना तुरुंगातच कळले.

उत्तरेला ते सर्वांत दूर गेले ते चिरोलवरच्या खटल्यासाठी. १९१८च्या अखेरीस इंग्लंड गाठले, खटला हरले आणि १९१९चा उन्हाळा तिथेच गेला. लातूरचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासचा, लंडनचा साडेसोळा तासांचा. कागदावर मांडलेल्या लांब दिवसाचा निदान एक तुकडा त्यांनी अनुभवला असणार. नोव्हेंबरमध्ये ते परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात न्यूमोनियाने गेले. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन टोरांटोत जानेवारी १९२२मध्ये दिले गेले.